कोयत्याची खंडेनवमी

अवजारांना वाचा होती त्या काळी भिवराबाईच्या पडवीत एक कोयता राहायचा. शेजारचं खुरपं रोज संध्याकाळी माती झटकून उंबऱ्याच्या दगडावर दोनदा पातं घासायचं, मग निजायचं. कोयता हसायचा. “खंडेनवमीला बाई तेल लावते, पूजा करते. मग रोजचा कुटाणा कशाला?”

खंडेनवमीला त्याला तेल मिळालं, झेंडूही मिळाला. दसरा सरल्यावर बाईने त्याला हिरवा चारा तोडायला घेतलं, तर गंजकं पातं ज्वारीच्या पहिल्याच ताटात अडकलं. “दिवाळीपर्यंत धार आली नाही, तर लोहाराच्या भट्टीत जाशील,” बाई म्हणाली.

संध्याकाळी कोयता दगडापाशी आला. “आज वर्षाचं सगळं घासून काढतो.”

“मोडशील,” खुरपं सरकून जागा देत म्हणालं. “आज दोनदाच घास. उद्या मी हाक मारीन.”