घाट बंद असतानाचा हप्ता

त्या काळच्या राजांची नावंही आता कुणाला आठवत नाहीत, इतकी जुनी ही गोष्ट. एका उंच घाटाच्या पायथ्याशी एक सुतार आणि त्याची बायको राहत होती. घाट उतरणाऱ्या बैलगाड्यांची चाकं मोडत, त्यांच्यावरच्या लोखंडी धावा निसटत. सुतार त्या गाड्या दुरुस्त करी.

एका वर्षी राजाने घाटाची वाट रुंद केली. दारात गाड्यांची रांग लागू लागली. काही गाडीवान कंटाळून मोडकी गाडी मातीमोलाने विकत आणि बैल घेऊन निघून जात. सुताराला वाटलं, या गाड्या आपणच घ्याव्यात, नीट करून विकाव्यात. पण त्यासाठी मोठी छपरी हवी, लाकूड हवं, लोखंड हवं. भांडवल तर नव्हतं.

गावचा सावकार म्हणाला, "हवे तेवढे पैसे न्या. दर पौर्णिमेला हप्ता द्यायचा. लागोपाठ तीन चुकले, तर घर आणि छपरी माझी."

सुतार लगेच तयार झाला. बायकोने मात्र विचारलं, "पावसाळ्यात घाट बंद असतो, गाड्या येत नाहीत. तेव्हाच्या पौर्णिमांचं काय?"

"पौर्णिमा काही पावसासाठी थांबत नाही," सावकार हसला.

"मग हप्ते चुकणारच. छपरी तुमची होणार. तिचं काय कराल?"

"विकेन."

"कुणाला?"

सावकाराला आपलीच एक जुनी वसुली आठवली. एका तेल्याचा घाणा त्याच्याकडे असाच आला होता. घ्यायला कुणी फिरकलं नव्हतं, लाकडाला वाळवी लागली होती.

"हे मला आजवर कुणी विचारलं नाही," तो म्हणाला. "उद्या या."

वाटेत सुतार चिडला. "हातात येणारे पैसे तू घालवणार."

"घालवत नाही हो. घरात आल्यावर ते कसे वागतील, एवढंच बघतेय."

मग ती लोखंडाच्या व्यापाऱ्याकडे गेली. "गाडी विकली की लोखंडाचे पैसे दिले, तर चालेल?"

"चालेल. पण भाव थोडा चढा लागेल," व्यापारी म्हणाला. किती चढा, तेही तिने विचारून घेतलं. तो परवडणारा होता. आता कर्ज निम्मंच पुरणार होतं.

दुसऱ्या दिवशी ती सावकाराला म्हणाली, "घाट उघडा असेल तोवर मोठा हप्ता देऊ. घाट बंद, तर हप्ताही बंद."

"आणि घाट लवकर उघडलाच नाही तर?"

"तुम्हाला थांबावं लागेल, आम्हाला व्याज जास्त पडेल. पण छपरी चालती राहील."

सावकाराला वाळवी लागलेला तो घाणा आठवला. मग त्याने मान डोलावली.

त्या पावसाळ्यात घाटात मोठी दरड कोसळली. दसरा उलटला तरी वाट मोकळी होईना. घाटापलीकडे आणखी एक सुतार होता. त्याने काही न विचारता कर्ज घेतलं होतं. त्याची छपरी तिथल्या सावकाराने ताब्यात घेतली आणि तो गाव सोडून गेला.

इकडे नवराबायकोने कोरडी भाकरी खाल्ली, पण काम थांबवलं नाही. विकत घेतलेल्या गाड्या एकेक करून उभ्या राहिल्या. घाट उघडला तेव्हा अडकून पडलेल्या व्यापाऱ्यांना माल न्यायची घाई होती, आणि तयार गाड्या फक्त इथेच होत्या. थोड्याच दिवसांत सगळ्या विकल्या गेल्या. लोखंडाचे पैसे फिटले, सावकाराचा हप्ताही पोचला.

तेव्हापासून त्या गावात कुणी कर्ज मागायला आलं, की सावकार रक्कम नंतर विचारी. आधी म्हणे, "तुमचा धंदा कोणत्या महिन्यांत थांबतो, ते सांगा."

तात्पर्य: कर्ज किती मिळतं यापेक्षा ते परत केव्हा मागितलं जातं, हे आधी विचारावं.