कोब्यातली रेघ

"सिमेंट ताजं, वाळू धुतलेली, घोटाई माझ्या हातची. मग उस्ताद, फट पडतीच कशी?"

दस्तगीर उस्ताद गॅरेजच्या दारात उकिडवे बसले होते. समोरची ओली जमीन निरखत होते.

विचारणारा हिंदुराव त्यांचाच शिष्य. पंधरा वर्षं त्यांच्या हाताखाली काढली आणि मग स्वतःच्या नावावर कामं घेऊ लागला. हिंदुरावचा कोबा, म्हणजे सिमेंटची घोटीव जमीन, अशी की त्यावर वाढून घ्यावं आणि जेवावं, असं लोक म्हणत. तोही म्हणे.

पण डॉक्टरांच्या या गॅरेजनं त्याचं नाक कापलं होतं. पहिली फट त्यानं बुजवली, तर वीतभर अंतरावर दुसरी उगवली. मग सगळी जमीन फोडून नवी केली. तीही आठ दिवसांत तडकली. आज सकाळी तिसऱ्यांदा कोबा घातला, आणि दुपारी मान खाली घालून उस्तादांना बोलावून आणलं.

"भिंतीपासनं भिंतीपातूर एकच तुकडा?" उस्तादांनी विचारलं.

"एकच. सांधा दिसला की काम हलकं वाटतंय."

"हं... घरी बरं हाय?"

"बरं हाय."

"शालन?"

"माहेरी गेलीया."

"कधी येणार?"

हिंदुरावनं घमेलं ओढून घासायला घेतलं.

बरं काहीच नव्हतं. सात महिन्यांपूर्वी हिंदुराव आणि त्याची बायको शालन यांचा एकुलता एक मुलगा तीन दिवसांच्या तापात गेला. बाराव्याला हिंदुरावानं फोटो ट्रंकेत घातला, आणि या घरात त्याचं नाव कुणी काढायचं नाही, असं बजावलं. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी तो कामावर हजर. लोक म्हणाले, काय धीराचा गडी! शालन मात्र भिंतीकडे तोंड करून सात महिने काढत राहिली. परवा पिशवी भरताना एवढंच म्हणाली, "माज्या लेकराचं नाव जितं घेता येत न्हाई, तितं मी राहू कशी?"

त्यानं तिला अडवलं नाही. अडवायला तोंड उघडावं लागलं असतं.

उस्ताद उठले. ओल्या कोब्यावर फळी टाकून मधोमध गेले. सरळ पट्टी धरली आणि थापीची धार आत घालून या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढली.

"उस्ताद! आरशागत कोबा कापला तुम्ही!"

"वाळताना आक्रसतोय त्यो. फाटणारच. कुटं फाटायचं, तेवढं सांगितलं त्याला."

"न फाटणारा कोबा... न्हाईच का करता येत?"

"पन्नास वर्सं केलं. मला न्हाई जमलं."

हिंदुराव त्या रेघेकडे बघत राहिला. एवढं घोटून, एवढं दाबून शेवटी हेच होणार होतं तर...

"पोराचं नाव काय रे तुझ्या?"

"तुमास्नी ठाव हाय."

"मला हाय. तू सांग."

उस्तादांनी थापी फडक्याला पुसली. पुन्हा पुसली.

"ऋतु..." हिंदुराव अडखळला. "ऋतुराज."

आणि तो दारातच मटकन खाली बसला. सात महिन्यांत जे बाहेर पडलं नव्हतं ते हुंदक्यांनी बाहेर पडू लागलं. रडून हलकं वाटतं म्हणतात. त्याला तसं काही वाटलं नाही. पोरगा गेला होता आणि गेलेलाच होता.

"शालन मागं फिरणार न्हाई, उस्ताद. मी तिला फोटोसुदीक बघू दिला न्हाई. आता कुठल्या तोंडानं जाऊ तिच्याकडं? काय बोलू?"

उस्तादांनी पट्टी सरकवून दुसऱ्या जागी धरली, त्याला फळीवर बोलावलं आणि थापी त्याच्या हातात दिली.

"आजच जा, आन् तिच्याफुडं पोराचं नाव घे. आदी ही रेघ तू मार. ओला हाय तवर. वाळल्यावर थापी चालत न्हाई."