सांधलेले पाऊल

जिच्या कृपेने चुलीत अग्नी आणि घागरीत पाणी नांदते, त्या जगन्मातेच्या चरणी आधी मस्तक ठेवू या, आणि मग कथेकडे वळू या.

फार पूर्वी डोंगराच्या कुशीत एक गाव होते. गावाच्या माथ्यावर ग्रामदेवीचे राऊळ होते, राऊळामागे देवराई होती, आणि देवराईतल्या सर्वांत जुन्या झाडाच्या मुळाशी एक झरा होता. तो झरा घळीतून खाली उतरे आणि साऱ्या गावाची तहान भागवी. म्हणून देवराईतली वाळकी काडीसुद्धा देवीचा कौल घेतल्यावाचून कोणी उचलत नसे.

या गावात एक खोतीणबाई राहत. भाविक होत्या, दानाला हात सढळ होता. तिटकारा होता तो केवळ मोडक्या वस्तूचा. खंडित मूर्ती पुजू नये, असे त्यांनी लहानपणी ऐकले होते. तो नियम त्यांनी देव्हाऱ्यातून उचलून थेट स्वयंपाकघरात आणून बसवला होता. कान तुटलेली कढई असो, खुंटी निखळलेला पाट असो की काठ उसवलेली टोपली असो, गड्याच्या हाती देऊन त्या म्हणत, "खंडित झालं ते लक्ष्मीनं सोडलं. टाक घळीत."

मोठ्या घरचे वळण पाहून बाकीची घरेही तसेच करू लागली. ज्यांना नवी टोपली परवडत नव्हती, तेही जुनी टोपली ऐटीत घळीत भिरकावू लागले. घळ भरत चालली, आणि झऱ्याचे पाणी खाली पोचताना अडखळू लागले.

एके वर्षी देवीचा उत्सव जवळ आला. खिरीचा मोठा तांब्याचा हंडा धुऊन चुलीवर चढवला, तर खालून पाणी ठिबकून जाळच विझला. खोतीणबाईंनी तांबटाला बोलावले.

तांबटाने हंडा उन्हाकडे धरला आणि एक डोळा मिटून आत पाहिले. "काकी, भोक हरभऱ्याएवढं आहे. ठिगळ मारतो, आतून कल्हई करतो. खुशाल खीर ढवळा."

"देवीच्या खिरीला ठिगळाचा हंडा? नवा घडव."

"घडवीन की. पण पत्रा पुन्हा पुन्हा तापवावा लागतो. भाता माझा, हातोडा माझा, कोळसा कुठला आणू? भोवतालचे डोंगर तर बोडके झालेत."

गावात झाडे होती, नाही असे नाही. पण आपापल्या परसातले कलम ज्याला त्याला लेकरासारखे. देवराईतले झाड मात्र कोणाच्याच परसातले नव्हते.

"देवराईतलं मोठं झाड आहे ना," खोतीणबाई म्हणाल्या. "देवीचं झाड देवीच्याच हंड्याला. उद्या सकाळी कौल मागते."

तांबटाने हंडा खाली ठेवला. "त्या झाडाच्या मुळाशी झरा आहे, काकी. झाड गेलं आणि पाणी आटलं, तर नव्या हंड्यात शिजवायचं काय?"

"ते देवी पाहून घेईल," असे म्हणून त्या उठल्या. खोतांच्या घरचा शब्द मोडणार कोण? गावात कुऱ्हाडींना धार लागली.

त्या सायंकाळी देवीचे अलंकार उजळायचे होते. चिंचेच्या पाण्याने चांदी घासण्याची ती सेवा खोतांच्या घराकडे होती. आजवर पडद्याआड बसून सासूबाई ती करीत. त्या देवाघरी गेल्या होत्या, म्हणून यंदा प्रथमच खोतीणबाई गाभाऱ्यात बसल्या. मुकुट उतरवला, कंबरपट्टा सोडला आणि शेवटी देवीच्या चरणांवरची चांदीची पावले अलगद काढली.

त्यांचा हात थबकला. काळ्या पाषाणाच्या पावलावर, घोट्यापाशी, एक करडी रेघ आडवी गेली होती.

"गुरवकाका," त्या उंबऱ्याकडे वळून म्हणाल्या, "आईचं पाऊल..."

वृद्ध गुरव उंबऱ्याशी वाती वळत बसले होते. त्यांनी मानही वर केली नाही. "सांधलेलं आहे, सूनबाई. माझ्या आजोबांच्या वेळी समई कलंडली आणि पाऊल दुभंगलं. मूर्तीचं विसर्जन करून नवी आणावी, असं पुष्कळांचं मत पडलं. शेवटी आईलाच विचारलं. तिनं उजवी कळी पाडून होकाराचा कौल दिला, आणि वज्रलेप लावून पाऊल सांधलं. तुमच्या सासूबाई दर साली त्या सांध्याला हळदीचं बोट लावीत."

"म्हणजे मी इतकी वर्षं सांधलेल्या पावलांवर डोकं ठेवत आले?"

"ठेवताना कधी काही उणं वाटलं का?"

खोतीणबाईंनी पुन्हा त्या पावलांकडे पाहिले. याच पावलांवर त्यांनी आपले तान्हे लेकरू घातले होते. घरात दुखणे आले तेव्हा याच पावलांपाशी त्या रडल्या होत्या, आणि हलक्या मनाने घरी परतल्या होत्या. त्यांना तो पाट आठवला. त्याच पाटावर बसून लेकराने पहिला घास घेतला होता, आणि एक खुंटी निखळली म्हणून तो घळीत गेला होता. चांदीची पावले मांडीवर घेऊन त्यांनी ती चिंचेच्या पाण्याने लखलखीत घासली. मग त्यांनी हळदीत बोट बुडवले आणि त्या सांध्यावरून हलकेच फिरवले.

सकाळी गाव राऊळात जमले. कुऱ्हाडी भिंतीला टेकवून ठेवल्या होत्या. गुरवांनी देवीच्या अंगी कौलाच्या कळ्या लावायला घेतल्या आणि विचारले, "बोला सूनबाई, काय गाऱ्हाणं घालायचं?"

"कळ्या लावू नका, काका," खोतीणबाई म्हणाल्या. "मला उत्तर काल मिळालं." त्या तांबटाकडे वळल्या. "हंड्याला ठिगळ मार. आणि बाहेरून दिसेल असं मार."

तांबट हसला. "जन्मभर लोक सांगत आले, दिसणार नाही असं मार. काकी, तुमचीच तऱ्हा निराळी."

मागून शेजारीण म्हणाली, "मग वहिनी, तुमचं पाहून टाकलेली माझी कढई आणू का वर?"

"आण. माझा पाटही तिथंच आहे. चल, दोघी जाऊ."

दोघी घळीत उतरल्या, तसे त्यांच्यामागे गावही उतरले. पाटांना नव्या खुंट्या बसल्या, कढयांना कान आले. जे रांजण पाणी धरण्याजोगे उरले नव्हते, त्यांत माती भरून तुळशी लावल्या. घळ मोकळी झाली आणि तुंबलेले पाणी खळखळत गावात आले. ठिगळाच्या हंड्यात खीर शिजली, आणि पंगतीत कोणालाही ती उणी लागली नाही.

पुढे त्या गावात रीतच पडली. उत्सवाआधी प्रत्येक घर आपली मोडकी वस्तू राऊळाच्या अंगणात आणी, ती दुरुस्त करून घेई आणि देवीच्या पायांशी टेकवून परत नेई. देवराईतले झाड तसेच उभे राहिले.

तात्पर्य: मोडलेली वस्तू सांधून वापरणे हे उणेपण नव्हे, ती सृष्टीची सेवा आहे. टाकून दिलेल्या प्रत्येक वस्तूची किंमत कुठलेतरी झाड आणि कुठलातरी झरा मोजत असतो.

ही कथा ज्यांनी ऐकली, ज्यांनी सांगितली, त्या सर्वांच्या घरी जुनी भांडी भरलेली राहोत, मोडले ते सांधले जावो, दुरावले ते जवळ येवो, आणि जगन्मातेची सावली प्रत्येक उंबऱ्यावर अखंड राहो.