तटाबाहेरची हाक

ऐका बाळांनो, आणि बाळांच्या आईबापांनो, तुम्हीही ऐका. फार मागची गोष्ट आहे. की फार पुढची, कोण जाणे. आभाळातून आग बरसली आणि जगाची राख झाली. वाचलेली शंभरेक माणसं एका विहिरीभोवती तट बांधून राहिली. त्यांचा महंत म्हणाला, "तटाबाहेर आता सगळी भुतं. बाहेरच्या हाकेला जो ओ देईल, तो मेलेल्यांत जमा!"

तिथे सगुणा नावाची बाई पाणी शेंदायची. एकदा ती सहज म्हणाली, "महाराज, विहिरीची आणखी एक पायरी उघडी पडली."

झालं! विहिरीवर शंका म्हणजे देवावर शंका. पाणी कमी, तरी लोकांनी तिच्या नावाने आंघोळ मात्र भरपूर केली आणि जितीजागती सगुणा तटाबाहेर ढकलली. सख्खी धाकटी बहीणही मान खाली घालून उभी राहिली.

सगुणा राखेतून चालत राहिली. टेकडीपलीकडे तिला झरा सापडला. काठाला हिरवं गवत, पाण्यात चक्क बेडूक! ती धावत तटाशी आली. "अगं धाकटे, पाणी आहे! गोड पाणी!"

आत सगळ्यांना ऐकू गेलं. ओ कुणीच दिली नाही.

ती रोज यायची, हाक मारायची, परत जायची. पुढे पुढे तर झऱ्याकाठी बसून ती स्वतःलाच "सगुणेऽ" म्हणून हाक मारी आणि स्वतःच "ओ" म्हणे. बिचारीला दुसरं होतं कोण?

आत विहिरीची शेवटची पायरी उघडी पडली. मग नुसता चिखल उरला. एका सकाळी बाहेरून हाक आली, तेव्हा धाकटीने मांडीवरच्या तान्ह्याचे कोरडे ओठ पाहिले.

"ओ, ताई! ओ!" ती ओरडली आणि तिने दाराचा अडसर काढला.

सगुणाला पाण्याचं भानच राहिलं नाही. "पुन्हा म्हण गं. ओ म्हण," एवढंच ती रडत रडत बोलत होती.

तिच्यामागून सगळे झऱ्याकडे गेले. महंत तेवढा मागे राहिला आणि त्याने आतून अडसर घातला. चौथ्या दिवशी सगुणा घागर घेऊन दाराशी आली. आतून घोगरी हाक ऐकू आली, "कुणी आहे का रे?"

"ओ, महाराज! दार उघडा, पाणी आणलंय."

पण बाहेरची ओ भुताचीच! महंताने कानांत बोटं घातली. आतली हाक थांबली आणि घागर दाराशी भरलेलीच राहिली.

तात्पर्य: ज्या धर्मात माणसाच्या हाकेला ओ देणं पाप, त्याची विहीर केव्हाच आटलेली असते.