पुष्करची बाटली

“पण माझं चुकलं कुठं, ताई?”

पुष्कर चपला काढता काढताच विचारत होता.

समाजकार्याच्या पदवीला वर्गात पहिला आलेला मुलगा. पुढं हेच काम करायचं म्हणून दगडखाणीच्या वस्तीत गोदूताईंच्या हाताखाली शिकायला आला होता. आल्या दिवशीच म्हणाला होता, “थिअरी झालीय माझी. फक्त अनुभव हवाय.”

गोदूताई मेथी निवडत होत्या.

“काय झालं?”

“वस्तीतल्या त्या केराबाईनं आज मला बघून आतून कडी घातली. मुलीला शाळेतून काढलंय, उद्या बघायला माणसं येतायत. सातवीतली पोर आहे हो! मागच्या खेपेला मी कायदा सांगितला, वसतिगृहाचं सांगितलं. खाटेवर बसलो नाही, खाली जमिनीवर बसलो. आवाजसुद्धा चढवला नाही.”

“पहिल्यांदा गेलास तेव्हा बोलली?”

“हसली. पाण्याचा तांब्या घेऊन आली.”

“मग?”

“मी नको म्हटलं. किती लांबून आणतात त्या पाणी! त्यांना उगाच त्रास कशाला? माझी बाटली असतेच.”

“तिच्यासमोर प्यालास? बाटलीतलं?”

“हो... ऊन होतं ना.”

मेथीची काडी ताईंच्या हातात तशीच राहिली.

“तांब्या?”

“आत नेला तिनं परत.”

पुष्करला यात काही वावगं दिसत नव्हतं. उलट, ताई आता शाबासकी देतील असंच त्याचं तोंड सांगत होतं.

“दे रे जरा तुझी बाटली. घसा सुकलाय.”

त्यानं लगबगीनं झाकण काढून दिली. ताई घटाघटा प्यायल्या. थेंबही ठेवला नाही.

“कसं वाटलं?”

“मला?”

“तुलाच विचारतेय.”

“बरं वाटलं. तुम्ही माझ्याकडं मागितलंत म्हणून...”

तो मध्येच थांबला.

ताईंनी मेथी पुन्हा हातात घेतली.

“गावात केराबाईच्या हातचं पाणी कुणी पीत नाही. माहीत होतं?”

पुष्करचा चेहरा उतरला.

“मी त्यासाठी नको म्हटलं नाही, ताई! आईशपथ! माझ्या मनातसुद्धा...”

“मला ठाऊक आहे.”

“मग तुम्ही सांगा ना तिला! तुमचं ऐकेल ती.”

“काय सांगू?”



पुष्करचे डोळे भरून आले होते. पोरीची काळजी होती आणि लाजही वाटत होती. शेवटी तो उठला.

“मी जातो. आत्ताच जातो. उद्या उशीर होईल.”

“जा.”

सवयीनं त्यानं रिकामी बाटली उचलली आणि कोपऱ्यातल्या माठाकडं वळला. ओगराळं उचलणार, तोच ताईंनी बसल्या जागेवरून हात लांब करून माठावरच्या झाकणीवर ठेवला.

“ताई, दुपार आहे. खाणीचा चढ आहे. पोचेपर्यंत तहान लागेल मला.”

“तेवढी तहानच घेऊन जा.”