रेवा कासवीचा शेवटचा अंक

फार पूर्वी खाडीकाठच्या प्राण्यांनी नवाकोरा संगणक आणला. कासवींची अंडी सुरक्षित खड्ड्यांत हलवून भारद्वाज पक्ष्याने प्रत्येक खड्ड्यावर त्या कासवीच्या सोळा अंकी क्रमांकाची पाटी लावली आणि तो क्रमांक व खड्ड्याची जागा संगणकातल्या तक्त्यात भरली.

पिल्लं बाहेर पडायच्या दिवशी रेवा कासवी आली. तिच्या क्रमांकाच्या शेवटी सात होता. तक्त्यात मात्र बाकीचे अंक तेच, पण शेवटी शून्य असलेला एकच क्रमांक दोन खड्ड्यांपुढे होता.

"माझी पिल्लं कुठली?" ती रडवेली झाली.

पाणमांजराला नवल वाटलं. त्याने तक्त्यातल्या चौकटीलाच विचारलं, "शेवटचा अंक तू का खाल्लास गं?"

"मला पंधराच अंक झेपतात. एवढ्या मोठ्या संख्येत एका अंकाने काय बिघडतं?"

"अगं, याची बेरीज थोडीच करायची आहे? हे तिचं नाव आहे!"

"मग भरण्याआधीच सांगायचं, हा मजकूर आहे म्हणून. मजकूर मी जसाच्या तसा ठेवते. गेलेला अंक आता माझ्याकडे नाही."

पाणमांजर धावत जाऊन सगळ्या खड्ड्यांवरच्या पाट्या वाचून आलं. भारद्वाजाने चौकटींना 'मजकूर' असं बजावून सगळे क्रमांक पुन्हा भरले.

रेवा आपल्या खड्ड्यापाशी पोचली तेव्हा वाळू हलत होती. एका पिल्लाने डोकं बाहेर काढून विचारलं, "तू कोण?"

रेवाने आपला क्रमांक सावकाश, सातापर्यंत सांगितला.