वरच्या घडीतला दोष

चार हजार वर्षं मागे जायचं आणि टायग्रिस नदीच्या काठावर थांबायचं. तिथे अशूर नावाचं शहर होतं. तिथले व्यापारी गाढवांवर कथिल आणि लोकरीचं कापड लादून डोंगरापलीकडच्या कानेश गावी जात. वाट दीड महिन्याची. बायका मागे राहून माग चालवत, आणि त्यांनी विणलेलं कापड पुढच्या तांड्याबरोबर रवाना होई.

शिमात ही अशीच एक विणकरीण. तिचा नवरा इद्दिन चार वर्षांपासून कानेशला दुकान मांडून बसला होता. घरात तिच्याबरोबर म्हातारी बेलतानी मावशी विणायला बसे. मावशी नात्याची नव्हती, पण शिमातला विणकाम तिनेच शिकवलं होतं.

त्या वर्षी इद्दिनचं पत्र आलं. तेव्हा पत्रं ओल्या मातीच्या पाटीवर कोरून वाळवत.

"मागच्या खेपेचं कापड विरळ निघालं," त्याने लिहिलं होतं. "लोक नावं ठेवतात. इथल्या सरदाराच्या मुलीचं लग्न ठरलंय. नवरीसाठी एकच शाल पाठव, पण अशी, की बघत राहावं. ती पसंत पडली तर आपलं नाव होईल. नाहीतर दुकान बंद करून मला हात हलवत परतावं लागेल."

दोघी आळीपाळीने मागावर बसल्या. तीन महिन्यांनी शाल उतरली. तांडा निघायच्या आदल्या दिवशी शिमातने ती गच्चीवर उन्हात पसरून नीट पाहिली. एका टोकाला हातभर जागेत वीण सैल पडली होती. दोन ठिकाणी धागेच सुटले होते. तो भाग मावशीने विणला होता.

"मावशी, तुम्हाला नीट दिसत नाही का?"

मावशीने ती सैल जागा बोटांनी चाचपली. मग म्हणाली, "सकाळच्या उन्हात थोडं दिसतं, पोरी. सांगितलं असतं तर तू मला मागावरून उठवलं असतंस. मग मी दिवसभर करू काय?"

तेवढ्यात तांड्याचा प्रमुख कुकुला माल न्यायला आला. उसवून पुन्हा विणायला वेळ नव्हता. चार दिवस उशीर झाला असता तर घाटात बर्फ पडून वाट वसंतापर्यंत बंद झाली असती.

कुकुलाने शाल पाहिली. "एवढंच ना, वहिनी? ही बाजू आत घाला. मी गठ्ठा असा बांधतो, की लग्न लागेपर्यंत कोणी उलगडणार नाही."

शिमातने तशी घडी घातलीसुद्धा. वरून शाल इतकी देखणी दिसत होती! पण घडीवरचा तिचा हात निघेना.

"भाऊ, ती मुलगी ही शाल सासरच्या माणसांपुढे उघडेल," ती म्हणाली. "तेव्हा तिथे मी नसेन, तुम्हीही नसाल. एकटीने खाली बघायचं ते तिने."

तिने घडी मोडली आणि सैल बाजू सगळ्यांत वर येईल अशी पुन्हा घातली. मग ओली माती घेऊन कोरलं, 'एका टोकाला हातभर वीण सैल आहे. विकण्याआधी दाखवा.'

"माझं नाव लिही," मावशी म्हणाली. "चूक माझी आहे."

"माग माझा आहे, मावशी. दोषही माझाच."

कानेशला पत्र वाचून इद्दिनने शाल पुढ्यात पसरली. अर्धा दिवस तो शालीकडे नुसता बघत राहिला. शेवटी उठला, सरदाराच्या घरी गेला आणि आधी ती सैल बाजू पुढे केली.

"सुंदर आहे," सरदाराची बायको म्हणाली. "पण लग्नाला नाही चालायची." तिने दुसऱ्या व्यापाऱ्याची शाल घेतली. इद्दिनने आपली शाल एका कुंभारणीला तिच्या तान्ह्या बाळासाठी स्वस्तात देऊन टाकली. तो हिवाळा त्याला फार जड गेला. दुकान आवरायचं, एवढंच त्याच्या मनात होतं.

मग लग्न झालं. सासरच्या बायकांपुढे नवरीची, त्या दुसऱ्या व्यापाऱ्याकडून घेतलेली शाल उलगडली, तर आतल्या घडीत कसरीने खाल्लेलं भोक, तेही भलत्याच रंगाच्या धाग्याने रफू केलेलं! मुलगी रडू लागली.

दुसऱ्या दिवशी तिची आई स्वतः इद्दिनच्या दुकानात आली. "धाकटीचं लग्न पुढल्या वर्षी आहे. तुमच्या बायकोला सहा शाली विणायला सांगा."

"आल्या की लगेच आणून दाखवतो, बाईसाहेब."

"शाली नंतर दाखवा. आधी तिचं पत्र वाचून दाखवा."

वसंतात ही हकीकत अशूरला पोचली. शिमातने ती मोठ्याने वाचली. आता मावशी मागावर बसत नसे, हिवाळाभर ती सूत कातत होती. बोटांना डोळ्यांची गरज नव्हती, धागा एकसारखा निघत होता. ऐकता ऐकता तिने पदराने डोळे पुसले आणि लोकरीची टोपली जवळ ओढली.

"सहा शाली म्हणजे ढीगभर सूत लागेल," ती म्हणाली. "वाचत काय बसलीस? ऊठ, माग लाव!"

तात्पर्य इतकंच: मालातला दोष आपण दाखवला तर एखादा सौदा जातो, गिऱ्हाइकाला तो घरी गेल्यावर सापडला तर गिऱ्हाईकच जातं.